मानते ते मन

नागपूरच्या मराठीत मन ‘होते’. ‘आज तर्री-पोहे खायचं मन होऊन राहिलं’, ‘आज कामावर जायचं मनच नाही होत’ अशी वाक्ये या शहरात दिवसभर कानांवर पडतात, आणि पुण्या-मुंबईकडून बदली होऊन आलेल्या माणसाला ती सुरुवातीला खटकतात, कारण त्याच्या मराठीत पोहे ‘खावेसे वाटतात’, मन काही होत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवत असताना निबंधांतल्या अशा वाक्यांखाली लाल रेघ ओढली जाई आणि समासात ‘हिंदी वळण’ असा शेरा पडे. वळण हिंदीचे आहे यात वाद नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी बोलणाऱ्यांच्या एकत्र प्रांताची राजधानी होते, आणि दोन भाषा शंभर वर्षे एका कचेरीत बसल्या की एकीची क्रियापदे दुसरीच्या तोंडी येतातच. तरीही ती लाल रेघ मला नेहमी घाईची वाटत आली आहे.

‘मन’ म्हणजे इच्छा हा अर्थ हिंदीने आपल्याला उसना दिलेला नाही. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आरंभी काय होते याचा विचार करताना कवी म्हणतो, ‘कामस्तदग्रे समवर्तताधि मनसो रेतः प्रथमं यदासीत्’, म्हणजे सर्वांत आधी काम, इच्छा, उत्पन्न झाली आणि तीच मनाचे पहिले बीज होती. बृहदारण्यक उपनिषदात मनाची एक यादीच दिली आहे : काम, संकल्प, शंका, श्रद्धा, अश्रद्धा, धीर, अधीरता, लाज, बुद्धी, भीती, ‘एतत्सर्वं मन एव’, हे सगळे मनच. या यादीत बुद्धी शेवटून दुसरी आहे आणि इच्छा पहिली. शुद्ध मराठीतही आपण ‘तुझ्या मनात आहे तरी काय?’ असे विचारतो तेव्हा समोरच्याचा विचार नव्हे, त्याचा इरादा विचारत असतो. मनासारखे, मनाजोगते, मनमानी या सगळ्या शब्दांत मनाचा अर्थ इच्छाच आहे. तेव्हा सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ पोह्यांच्या ठेल्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे मन होत असेल, तर त्याने शब्दाचा एक फार जुना अर्थ तेवढा चालू ठेवला आहे, असे मी म्हणेन.

शब्दाच्या रूपाबद्दल थोडक्यात सांगते. संस्कृतात तो ‘मनस्’ असा सकारान्त आहे आणि नपुंसकलिंगी आहे. मराठीने शेवटचा ‘स्’ सोडला, पण लिंग राखले : ते मन. हिंदीत नपुंसकलिंगच उरले नाही म्हणून तिकडे ते पुल्लिंगी झाले. सुटलेला ‘स्’ मनस्ताप, मनस्वी, मनःस्थिती, मनोरथ अशा जोडशब्दांत संधीच्या आडोशाने अजून राहतो. एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. महाराष्ट्री प्राकृतात एकट्या ‘न’चा ‘ण’ होतो, म्हणून तिथे हा शब्द ‘मण’ आहे, आणि त्याच वाटेने ‘पानीय’चे पाणी झाले, ‘जन’चे ‘चार जण’ झाले. या नियमाने आपलेही ‘मण’च व्हायला हवे होते. कीर्तनापासून पोथीपर्यंत संस्कृताचा जो सहवास या शब्दाला सतत लाभला, त्यामुळे त्याचा ‘न’ परत आला असावा, आणि धान्याच्या मणाशी होणारी गल्लत टळली. वऱ्हाडी बोलीला तशीही ही अडचण नव्हती; तिथे पाणी ‘पानी’ असते, कोण ‘कोन’ असतो आणि मन मनच राहते.

खरी गंमत धातूत आहे. पाणिनीय धातुपाठात ‘मन्’ दोनदा येतो, चौथ्या गणात ‘मन ज्ञाने’ आणि आठव्या गणात ‘मनु अवबोधने’. दोन्हीकडे अर्थ जाणण्याचा दिला आहे, म्हणून आपण शाळेपासून ‘मन म्हणजे विचार करणारे’ अशी सोपी व्युत्पत्ती ऐकत आलो. परंतु संस्कृतात ‘मन्यते’ कुठे कसे वापरले जाते हे पाहू लागले की त्यातले ज्ञान मागे पडते आणि दुसरीच एक क्रिया पुढे येते. ‘मन्यते’ म्हणजे एखाद्या गोष्टीला अमुक म्हणून धरणे. केनोपनिषदाने या फरकावर एक अख्खा चरण उभा केला आहे : ‘यस्यामतं तस्य मतं मतं यस्य न वेद सः’. ब्रह्म आपल्याला ‘मत’ झाले, म्हणजे मनाने धरता आले, असे जो म्हणतो, त्याला ते ‘वेद’ नाही, कळलेले नाही. मत आणि वेद, मानणे आणि जाणणे, या दोन वाटा उपनिषदकाराने इतक्या स्पष्टपणे वेगळ्या केल्या असताना मनाला नुसते ज्ञानाचे यंत्र समजण्यात काही अर्थ नाही.

पाणिनीकडेही याची एक खूण आहे, आणि ती मला फार आवडते. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात ‘मन्यकर्मण्यनादरे विभाषाऽप्राणिषु’ असे एक सूत्र आहे. ‘मन्यते’ या क्रियापदाने कुणाचा अनादर सांगायचा असेल, तर ज्या क्षुल्लक निर्जीव वस्तूशी त्याची तुलना करायची तिला द्वितीयेऐवजी चतुर्थीही चालते, असा त्याचा आशय. ‘न त्वां तृणं मन्ये’ म्हणा किंवा ‘न त्वां तृणाय मन्ये’ म्हणा, मी तुला गवताची काडीसुद्धा मानत नाही. एका क्रियापदाने होणाऱ्या अपमानासाठी व्याकरणाला स्वतंत्र नियम करावा लागला. आपल्याकडची कस्पटासमान मानण्याची रीत त्याच घरातली.

मराठीने हा धातू ‘मानणे’ या क्रियापदात जिवंत ठेवला आहे, आणि त्याचा अर्थही जवळजवळ जसाच्या तसा. ‘तो माझा भाऊ आहे’ हे मला ठाऊक असते. ‘मी त्याला भाऊ मानते’ यात ठाऊक असण्याचा संबंध नाही, किंबहुना तो भाऊ नाही हे पक्के ठाऊक असल्याशिवाय ते वाक्य उच्चारताच येत नाही. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, ही नाती रक्ताने होत नाहीत आणि तर्काने तर नाहीच नाही. ती धरली जातात. वाईट वाटून घेणे यालाही हिंदी ‘बुरा मानना’ म्हणते आणि नागपूरकर तेही बिनदिक्कत ‘बुरा मानणे’ करून मोकळे होतात. मन म्हणजे मानण्याचे साधन, असे मला या सगळ्यावरून म्हणावेसे वाटते. जग कसे आहे ते डोळे, कान, बुद्धी सांगतात. ते आपण काय म्हणून धरायचे ते मन ठरवते.

या धातूचा पसारा पाहायचा असेल तर हिवाळी अधिवेशनात नागपुरात असावे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात या शहरात वर्षातून एक अधिवेशन व्हावे असे ठरले, त्यातूनच आलेला हा रिवाज. थंडी पडली की सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनाभोवती कठडे लागतात, आमदार निवासाचे दिवे लागतात आणि सगळे शहर ‘मन्’ धातूने भरून जाते. ‘मंत्री’ हा शब्द मंत्रापासून, आणि मंत्र हा मन् धातूपासून. मंत्र म्हणजे आधी मननाचे साधन, मग गुप्त सल्ला, आणि तो सल्ला देणारा तो मंत्री. सभागृहात प्रत्येक जण ‘सन्माननीय सदस्य’ असतो, तिथला मान याच धातूचा. ‘मत’ हे त्याचेच कर्मणी रूप, ज्याचा सरळ अर्थ ‘मानलेले’ असा आहे, म्हणून मतदान, बहुमत, मतभेद, सहमती, संमती, अनुमती हे सगळे त्याच गोतावळ्यातले. बहुमत म्हणजे अनेकांनी मानलेले; ते खरे असलेच पाहिजे, असे शब्द कुठेही म्हणत नाही, आणि लोकशाहीबद्दल इतकी नेमकी आणि इतकी सावध व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

सभागृहाबाहेर, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपाशी मोर्चे अडवले जातात. तिथे घोषणा असते, ‘आमच्या मागण्या मान्य करा’. पुन्हा तोच धातू, फक्त रस्त्यावर आलेला. त्या मोर्च्यांत अंगणवाडी सेविका अनेकदा असतात, आणि त्यांना मिळणाऱ्या पैशाला सरकारी भाषेत ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. वेतन म्हटले की नोकरी आली, नोकरीचे हक्क आले. मानधन म्हटले की फक्त मान आला. बाईला मान द्यायचा आणि त्या बदल्यात पगार कमी द्यायचा, ही युक्ती या एका शब्दात ज्याने बसवली, त्याला भाषेची चांगलीच जाण होती.

या कुळातल्या परदेशी नातेवाइकांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यांतले काही आपल्या बोलण्यात वेश पालटून वावरत आहेत. अवेस्ताच्या भाषेत ‘मनह्’ आहे, लॅटिनमध्ये ‘मेन्स’, ग्रीकमध्ये ‘मेनोस’. लॅटिन ‘मेन्स’पासून निघालेला ‘मेंटल’ आपल्याकडे शिवी म्हणून आला, आणि गाडी आडवी घालणाऱ्याला ‘मेंटल आहे काय बे’ असे सुनावणारा माणूस मनाच्याच सख्ख्या चुलतभावाचे नाव घेत असतो. ग्रीक ‘मॅनिया’ही याच धातूचा, आणि आपल्या वेदांतला ‘मन्यु’, म्हणजे आवेश, कोप, त्याच्या शेजारी ठेवला की दोघांची ओळख पटते. सर्वांत मजेदार आहे तो ‘ऑटोमॅटिक’. त्याच्या उत्तरार्धात ग्रीकांचे ‘मॅटोस’ आहे आणि ते आपल्या ‘मत’चे भावंड, ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याच मताने चालणारे, अर्थात मनमानी करणारे. धुण्याच्या यंत्राला ग्रीकांनी नकळत स्वभाव देऊन ठेवला.

दख्खनच्या इतिहासातही हे मन एका ठिकाणी दडले आहे. पारशांचा ‘वोहू मनह्’, म्हणजे सद्विचार, पुढे फारसीत ‘बहमन’ झाला, आणि १३४७ मध्ये स्वतंत्र झालेल्या अलाउद्दीन हसनने इराणी आख्यायिकेतल्या बहमन राजाशी नाते सांगत ‘बहमन शाह’ हे नाव घेतले. बहमनी राज्य हा शब्द पाठ करताना त्यात मन आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. उलट जिथे मन दिसते तिथे ते नसते : ‘मनसुबा’ अरबीतून आला आहे आणि त्याचा मनाशी काही संबंध नाही, ‘मनाई’ही अरबीच, आणि ‘समान’मधला ‘मान’ मोजमापाचा आहे, मनाचा नाही.

आता पुन्हा मराठीकडे. मराठी माणूस मनाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या वाक्याची रचना नीट पाहावी. ‘माझे मन लागत नाही’, ‘मन धजत नाही’, ‘मन उडाले’, ‘मन खाते’, या वाक्यांत कर्ता मन आहे आणि ‘मी’ षष्ठीत बाजूला उभा आहे किंवा वाक्यात नाहीच. दुसरीकडे ‘मन मारले’, ‘मन घट्ट केले’, ‘मन वळवले’, ‘मन राखले’, ‘मन मोडले’ यांत मन हे कर्म आहे, त्याच्यावर काहीतरी करावे लागते आहे. मी आणि मन एकच आहोत असे सांगणारे वाक्य या भाषेत सहजी बनत नाही. समर्थांनी २०५ श्लोक मनाला उद्देशून लिहिले, ‘मना सज्जना’ म्हणून त्याला गोंजारले, ‘मना’, ‘मना’ करत चार गोष्टी सुनावल्या, आणि मराठी कानाला त्यात काहीच विचित्र वाटले नाही. आपल्या घरात राहणाऱ्या पण आपले न ऐकणाऱ्या नातेवाइकाशी बोलावे तसे आपण मनाशी बोलतो.

ही रचना मराठीने निर्माण केलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात बारा ऋचांचे एक सूक्त आहे; त्यात मरणाच्या दारात असलेल्या माणसाचे दूर गेलेले मन परत बोलावले आहे. तुझे जे मन वैवस्वत यमाकडे दूर गेले, ते आम्ही इथे राहण्यासाठी, जगण्यासाठी परत फिरवतो, असे पहिली ऋचा म्हणते. आणि मग प्रत्येक ऋचेत ते मन आणखी कुठे गेले असेल त्याचा शोध चालतो, आकाशात, समुद्रात, किरणांत, डोंगरांत, जे झाले त्यात आणि जे होणार आहे त्यात. माणूस अंथरुणावर आहे आणि मन पर्वतांत आहे. बृहदारण्यकात हीच गोष्ट रोजच्या व्यवहारात आणली आहे : ‘अन्यत्रमना अभूवं नादर्शम्’, माझे मन दुसरीकडे होते, मी पाहिले नाही. वर्गात मागच्या बाकावरून मला हे वाक्य मराठीत पुष्कळदा ऐकायला मिळाले आहे.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या अनुभवाचा थेट पुरावा केला. न्यायसूत्र म्हणते, एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत, हेच मनाचे लक्षण. डोळे, कान, नाक सगळे उघडे असूनही एका वेळी एकच गोष्ट कळते, याअर्थी मध्ये एक अणुएवढे मन आहे आणि ते एका वेळी एकाच इंद्रियाला जोडले जाते. सांख्यांनी त्याला अकरावे इंद्रिय ठरवले, कठोपनिषदाने रथाचा लगाम म्हटले. तपशिलात हे सारे भांडतात, पण मन म्हणजे मी नव्हे, ते माझे साधन, यावर त्यांचे एकमत आहे. मराठी वाक्यरचना याच मताची आहे, तिने दर्शने वाचलेली असोत वा नसोत.

या मताला विरोध करणारी परंपरा नागपुरात वाचायला कुठे दूर जावे लागत नाही. धम्मपदाचा आरंभच ‘मनोपुब्बङ्गमा धम्मा मनोसेट्ठा मनोमया’ असा होतो. सगळ्या गोष्टींच्या आधी मन चालते, मन श्रेष्ठ, सगळे मनोमय. इथे मनाच्या लगामामागे बसलेला कुणी रथी नाही. बुद्धाने तो नाकारला. मन हे कुणाचे साधन नाही, ते पुढारी आहे, आणि बैलाच्या पावलामागे चाक यावे तसे दुःख दूषित मनामागे येते, असे तीच गाथा पुढे म्हणते. मग सावध राहायचे ते मनानेच आणि स्वच्छ करायचे तेही मनच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञा आज दीक्षाभूमीवर कोरलेल्या आहेत, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावच्या आयाबाया लेकरांना त्या मोठ्याने वाचून दाखवतात. मी त्या भाषेच्या विद्यार्थिनीच्या नजरेने वाचल्या तेव्हा त्यांतल्या क्रियापदांपाशी थांबले. पहिल्या प्रतिज्ञांत वारंवार येते ते ‘मानणार नाही’. अमुक देव अस्तित्वात आहे की नाही याचा वाद तिथे घातलेला नाही, ‘मला ठाऊक आहे की तो नाही’ असा दावाही नाही. मी त्याला देव मानणार नाही, एवढेच आणि इतके ठाम म्हटले आहे. पुढे नवव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान आहेत असे ‘मी मानतो’ हे येते. समता सिद्ध करून दाखवा असे म्हणणाऱ्याला इथे उत्तर आहे : ती सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते, ती मानायची असते. हजारो वर्षे ज्यांना कस्पटासमान मानले गेले, त्यांनी ‘मानणे’ हे क्रियापद आपल्या हाती घेतले, त्याचा कर्ता ‘मी’ केला, आणि त्याला जिथे हवा तिथे नकार जोडला. पाणिनीच्या त्या अनादराच्या सूत्राला याहून मोठे उत्तर मला सुचत नाही.

याच शहरात मनाच्या नावाने चालणारी एक जुनी सरकारी वास्तू आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय हे तिचे आजचे नाव, स्थापना १८६४ ची. मात्र ऑटोवाल्याला ‘मनोरुग्णालयाकडे घ्या’ म्हटले तर तो क्षणभर विचारात पडेल. ‘पागलखाना चौक’ म्हटले की गाडी छिंदवाडा मार्गाला लागते. पाटी बदलली, चौकाने काही ते मनावर घेतले नाही.

कायद्याची भाषा मात्र बदलत गेली आहे. १८५८ आणि १९१२ च्या इंग्रजी कायद्यांत ‘ल्युनॅटिक’ आणि ‘ल्युनसी’ हे शब्द होते, आणि त्यांत लॅटिनमधला चंद्र आहे. चंद्राच्या कलांनी वेड लागते अशी तिकडची जुनी समजूत. आपल्या पुरुषसूक्तात ‘चन्द्रमा मनसो जातः’ असे आहे, म्हणजे चंद्र विराट पुरुषाच्या मनापासून जन्मला. दोन संस्कृतींनी चंद्र आणि मन यांची गाठ घातली, पण तिकडे चंद्र मन बिघडवतो आणि इकडे मनातून चंद्र निघतो. १९८७ च्या कायद्याच्या नावात ‘मानसिक आरोग्य’ आले आणि चंद्र गेला. २०१७ च्या कायद्याने ‘मानसिक आरोग्य सेवा’ हा रुग्णाचा हक्क केला. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या, १४४१६ या क्रमांकावर मिळणाऱ्या सरकारी दूरध्वनी सेवेचे नाव ‘टेलि-मानस’ आहे. ते एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून जुळवले आहे, पण सरकारी आद्याक्षरे एरवी ज्या थराला जातात ते पाहता हे नाव चांगलेच साधले म्हणायचे.

तरीही लोकांच्या बोलण्यात अडचण राहतेच, आणि ती मला शब्दाच्या अर्थातच दिसते. पोट दुखते असे माणूस चारचौघांत सांगतो, मनाचे सांगत नाही, कारण मराठीत मनाला ‘लावून घ्यायचे’ नसते, मनावर ‘दगड ठेवायचा’ असतो, मन ‘खंबीर’ करायचे असते. मन हे आपण आवरायचे साधन आहे असे भाषेने इतकी शतके पढवल्यावर, ज्याला ते आवरत नाही तो आजारी नसून नाकर्ता ठरतो. ‘सगळे मानण्यावर असते’ हे वाक्य नैराश्याने खचलेल्या माणसाला सल्ला म्हणून ऐकवले जाते तेव्हा मला त्याची चीड येते. हाच धातू इतका वेळ कौतुकाने मिरवला असल्यामुळे हेही सांगणे भाग आहे की मानण्याची ताकदच ज्याची गेली आहे, त्याला ‘मानून घे’ म्हणणे हे मोडलेल्या पायाला चाल म्हणण्यासारखे आहे.

‘मन वगैरे काही नसते, सगळा मेंदू असतो’ असे अलीकडे विद्यार्थी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. मन शरीरापासून बनते ही कल्पना आपल्या परंपरेलाही परकी नव्हती. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘अन्नमयं हि सोम्य मनः’ असे सांगतो : बाळा, मन अन्नाचे बनलेले आहे. मुलाला पटावे म्हणून तो त्याला पंधरा दिवस जेवू देत नाही, पाणी मात्र हवे तितके पी म्हणतो. पंधरा दिवसांनी ऋचा म्हणायला सांगितल्यावर श्वेतकेतू म्हणतो, मला काहीच आठवत नाही. जा, जेवून ये, बाप म्हणतो. जेवून आल्यावर त्याला विचारलेले सगळे येते. पोटात अन्न नाही तर पाठांतर नाही, हे दाखवायला त्या बापाने मुलावर केलेला हा प्रयोग आज कुठल्याही समितीने नामंजूर केला असता, पण शालेय पोषण आहाराचा याहून चांगला युक्तिवाद मला माहीत नाही. मेंदूतल्या रसायनांची गोष्ट ऐकून उद्दालक दचकला नसता. अन्नाचा सर्वांत सूक्ष्म अंश वर चढून मन होतो, असे तो स्वतःच म्हणत होता. प्रश्न एवढाच उरतो की मेंदू ‘असतो’ आणि मन ‘मानते’. मेंदूचे छायाचित्र काढता येते, पण त्यात ‘मानलेला भाऊ’ कुठे बसला आहे ते दाखवायचे झाले तर पुन्हा मनाच्याच भाषेत बोलावे लागते.

धातू मात्र शरीरापर्यंत केव्हाच पोचला आहे, आणि तो कोशकारांच्या आधी घरच्या बायांना ठाऊक होता. ‘मानवणे’ हे क्रियापद पाहा. हवा मानवते, पाणी मानवते, औषध मानवत नाही. यात विचार नाही, इच्छा नाही, मान-अपमान नाही. शरीराने एखादी गोष्ट आपली म्हणून धरली की नाही, एवढेच आहे. अधिवेशनाला मुंबईहून आलेली मंडळी दोन-चार दिवसांत ‘इथले पाणी मानवत नाही’ म्हणू लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात लग्नाला आलेले पुण्याचे व्याही ऊन मानवत नाही म्हणून कुलरपुढून हलत नाहीत. सासू त्यांच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवते आणि आग्रहाने म्हणते, ‘घ्या, मानवेल.’